यजमान, उभे राहा!

सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याची नौका बुडायला लागली, तेव्हा माझा डावा पाय बुडून वीस मिनिटं झाली होती. पहिल्या अध्यायात मुंग्या आल्या, दुसऱ्यात त्यांनी वारूळ बांधलं, आणि तिसऱ्यात पाय जागेवर आहे की नाही बघायला मी सोवळ्याआडून हळूच चिमटा काढला. बायको कळवळली. चिमटा तिला बसला होता.

पाच अध्याय संपले. गुरुजी म्हणाले, "यजमान, आरतीला उभे राहा."

उभं राहायची मला चांगली 53 वर्षांची सवय आहे. पण पाटावरून उठायचं म्हणजे सुरुवात नेमकी कुठून करायची, तेच आठवेना. उजवा हात टेकावा तर तिथे पंचामृत. डावीकडे समई. मागे रेलावं तर पाहुणे. शेवटी पुढे वाकलो, दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे जमिनीला लावले आणि तिथेच अडकलो. मागच्या काकूंना वाटलं, यजमान साष्टांग नमस्कार घालतायत. त्यांनीही घातला. त्यांचं बघून आणखी तिघींनी घातला. एवढ्या भक्तिभावात "अहो, मला धरा" असं म्हणायची सोयच राहिली नाही. तेवढ्यात माझी आई, वय 81, हात न टेकता उठली, माझा दंड धरून तिने मला सरळ केलं आणि झांजा हातात घेतल्या.

आई आणि मी एकाच घरात राहतो, एकाच डब्यातल्या पोळ्या खातो. फरक एवढाच की तिने फ्लॅट मनावर घेतलेला नाही.

ठाकूरद्वारजवळ आमची चाळ होती, आता त्याच जागी टॉवर आहे. पिनकोड तोच, 400004. चाळीत तिसऱ्या मजल्यावर दीड खोलीत आम्ही सहा माणसं. व्यायाम हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. पहाटे साडेचारला पाणी यायचं, की कळश्यांनी पिंप भरायचं. मग सहा गाद्या उचलून कोपऱ्यात चवड रचायची, कारण त्याशिवाय पाय ठेवायला जागा नसे. मोरीत उकिडवं बसून आंघोळ, विळीवर भाजी, पाटावर जेवण. संडास गॅलरीच्या टोकाला, आमच्या दारापासून 42 पावलांवर. जाऊन-येऊन 84, पण तिथे रांग असायची. मग नंबराला टमरेल ठेवून घरी यायचं, चहाचा घोट घ्यायचा, पुन्हा जाऊन बघायचं. पोट बिघडलेला माणूस तर दिवसात परळपर्यंत चालून व्हायचा.

आता लेकीने माझ्या मनगटावर घड्याळ बांधलंय. रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत म्हणे. हा आकडा कोणत्या ऋषीने घालून दिला म्हणून शोधलं, तर टोकियोचं 1964 चं ऑलिंपिक झाल्यावर, 1965 साली एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नावच 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आधी नाव, शास्त्र सवडीने. माझी काल झाली 1,312. सकाळभर घड्याळ शोधत फिरलो ती यात धरलेली नाहीत, हा सरळ अन्याय आहे.

नव्या घराचा दोष एकच, त्याला दोष नाही. कमोड पलंगापासून आठ पावलांवर, ओटा कमरेशी, लिफ्ट दारात. जिना आहे असं ऐकून आहे. सोफा इतका मऊ, की बसलं की पाठीच्या कण्याची कोयरी होते. त्यात मान मोबाइलमध्ये. लांबून बघितलं तर मी पैठणीवर विणल्यासारखा दिसत असणार.

माझा मामा बेस्टमध्ये कंडक्टर होता, डबलडेकरवर. आयुष्यभर वर-खाली. आम्ही त्याची कीव करायचो. आणि 1953 साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकरवाल्यांचा अभ्यास छापला होता, की बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. बस एक, शहर एक. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, "मग तेव्हा ओव्हरटाइम का नाही दिला?"

पूजेनंतर फिजिओथेरपिस्टकडे गेलो. सोबत आई. त्यांनी ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी रूढ केलेली एक परीक्षा घेतली. जमिनीवर बसायचं आणि उठायचं. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात किंवा गुडघा टेकला की एक गुण गेला, तोल गेला की अर्धा. मी बसलो कसला, पडलो. उठताना जे जे टेकता येईल ते टेकलं. एकूण साडेतीन. आईला कुणी बोलावलं नव्हतं, पण "एवढंच ना?" म्हणत ती बसली आणि उठली. साडेनऊ. अर्धा गेला तो पदर सावरताना.

"रोज थोडा वेळ जमिनीवर बसत जा," असा सल्ला मिळाला. घरी येऊन जमीन शोधली. सोफा, टीपॉय, टीव्हीचं युनिट, सहा खुर्च्यांचं डायनिंग टेबल. मोकळी जागा उरली होती एकच, आईची सतरंजी, विळी आणि निवडायच्या भाजीचा कोपरा. त्याला आम्ही घर झाल्यापासून 'आईचा पसारा' म्हणत आलोय. तिच्याशेजारी बसून अर्धा किलो मटार सोलले. उठायला निघालो तर म्हणाली, "अरे, खाली आहेसच तर सोफ्याखाली माझं लाटणं गेलंय, तेवढं काढ." त्या दिवशी मी बराच वेळ खाली होतो.

परवा यंदाच्या पूजेसाठी गुरुजींचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. "मी काय म्हणतो, पूजा डायनिंग टेबलावरच मांडू या का? यजमान खुर्चीत. हल्ली बऱ्याच ठिकाणी तसंच करतो. माझेही गुडघे..."

मी मोठ्या आशेने आईकडे बघितलं.

"मांडा की," मेथी निवडता निवडता आई म्हणाली. "माझा पाट मात्र खालीच ठेवा. आरतीला तुम्हा दोघांना उठवायला कुणीतरी लागेल ना?"