‘सेंट्रल लाइन दर सात दिवसांनी बदला’ : एका संदेशाचा प्रतिवाद

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या मोबाइलवर एक संदेश वारंवार येतो. त्याचा आशय असा की, मानेतून किंवा छातीतून मोठ्या शिरेत घातलेली औषधाची नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, दर सात दिवसांनी बदलून घ्यावी, म्हणजे रक्तात संसर्ग होत नाही. ताप आला की ती लगेच काढायला लावावी. शक्यतो तिच्याऐवजी पिक लाइन, म्हणजे दंडाच्या शिरेतून हृदयाजवळपर्यंत सरकवलेली लांब नळी, मागावी, कारण ती निर्धोक असते. आणि टोचल्या जागेवरची पट्टी रोज बदलून घ्यावी. यामागची काळजी खरी आहे. या लाइनचे टोक हृदयाजवळच्या महाशिरेत असते आणि तिच्यातून शिरलेला जंतू थेट रक्तात जातो. उपाय मात्र चुकले आहेत.

सात दिवसांचा नियम ऐकायला सर्वांत पटणारा आहे, म्हणून त्याकडे आधी पाहू. लाइन जितके दिवस राहील तितका धोका साचत जातो, हे बरोबर. पण त्यावरून नवी लाइन घातली की धोका शून्यावर येतो, असा निष्कर्ष निघत नाही. जंतू प्रामुख्याने दोन वाटांनी येतात : टोचल्या जागेच्या त्वचेवरून नळीच्या बाहेरच्या बाजूने, किंवा औषध जोडायच्या तोंडातून आतल्या बाजूने. नवी लाइन म्हणजे त्वचेला नवे छिद्र, आणि त्यासोबत फुफ्फुसाला किंवा धमनीला इजा होण्याची नवी शक्यता. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत अतिदक्षता विभागातील १६० रुग्णांवर हेच तपासले गेले. दर तीन दिवसांनी लाइन बदलल्याने संसर्ग कमी झाला नाही. नव्या जागी टोचल्यावर यांत्रिक गुंतागुंत ५ टक्के, तर जुन्याच जागी, आत बारीक तार सरकवून तिच्यावरून नळी बदलल्यावर १ टक्का आढळली, पण तारेवरून बदललेल्यांत रक्तसंसर्गाचा कल अधिक दिसला. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेची २०११ची मार्गदर्शक तत्त्वेही संसर्ग टाळण्यासाठी ठरावीक मुदतीने लाइन बदलू नये, असेच सांगतात. अपवाद आहे तो घाईगर्दीत, निर्जंतुकीकरण नीट न पाळता घातलेल्या लाइनचा. ती शक्य तितक्या लवकर, ४८ तासांच्या आत बदलावी.

सातचा आकडा बहुधा सलाइनच्या नळ्यांवरून आला असावा. लाइन आणि तिला जोडलेल्या नळ्या या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नळ्यांना खरोखरच मुदत असते. ऑस्ट्रेलियातील दहा रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत २,९४४ रुग्णांवर दिसले की, या नळ्या चारऐवजी सात दिवसांनी बदलल्या तरी संसर्गाच्या प्रमाणात अर्थपूर्ण फरक पडत नाही. रक्त, पोषणासाठीचा स्निग्ध द्रव किंवा प्रोपोफॉल हे गुंगीचे औषध ज्या नळीतून जाते, तिची मुदत मात्र बरीच कमी असते.

मग संसर्ग कमी होतो कशाने? मिशिगनमधील शंभरहून अधिक अतिदक्षता विभागांनी हात धुणे, लाइन घालताना रुग्णाला पूर्ण झाकणे, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा पुसणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपलेली लाइन काढणे एवढ्याच पाच गोष्टी नेटाने पाळल्या. दर हजार लाइन-दिवसांमागे (एक लाइन एक दिवस राहिली की एक लाइन-दिवस) सरासरी ७.७ असलेला संसर्गाचा दर दीड वर्षात १.४ वर आला; हा अहवाल २००६चा आहे. त्या पाच गोष्टींत मुदतीने लाइन बदलणे नाही. म्हणून नातेवाइकांनी विचारायचा प्रश्न ‘लाइन कधी बदलणार?’ हा नसून ‘आज तिची गरज आहे का?’ हा आहे.

तापाचे तसेच. अतिदक्षता विभागात ताप फुफ्फुसामुळे, लघवीमुळे किंवा औषधामुळेही येतो. रुग्णाची स्थिती स्थिर असेल, तर लाइनमधून आणि हाताच्या शिरेतून एकाच वेळी रक्त घेऊन कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का हे पाहण्याच्या तपासणीला, पाठवतात. लाइनमधल्या नमुन्यात जंतू किमान दोन तास आधी वाढले, तर संशय लाइनवर जातो. टोचल्या जागी पू असेल, रक्तदाब कोसळत असेल, किंवा कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू अथवा कॅन्डिडा ही बुरशी आली असेल, तर लाइन ठेवण्याचा मोह धरू नये. पण रक्तदाब टिकवून धरणारे औषध ज्या लाइनमधून चालू आहे, ती केवळ तापापोटी ओढून काढणे धोक्याचे ठरू शकते.

पिक लाइन घालताना फुफ्फुसाला इजा होण्याची भीती जवळपास नसते, एवढे श्रेय तिला द्यावेच लागते. तिच्यात शिरेत गुठळी होण्याचा धोका मात्र सेंट्रल लाइनहून अधिक असतो, आणि रुग्णालयात दाखल असलेल्यांत रक्तसंसर्गाचा धोकाही साधारण तेवढाच राहतो. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांनी तर ती आग्रहाने मागूच नये, कारण पुढे डायलिसिससाठी फिस्टुला (हाताची धमनी आणि शीर यांची जोडणी) करायचा झाला तर लागणारी दंडाची शीरच तिने खराब होऊ शकते.

पट्टी पारदर्शक असेल तर सात दिवसांनी, कापडी असेल तर दोन दिवसांनी, आणि ओली, मळलेली किंवा सैल झाली तर ताबडतोब बदलायची. विनाकारण रोज उचकटल्याने त्वचा सोलवटते.

संदेशात नसलेली एक गोष्ट नातेवाइकांच्या डोळ्यांदेखत घडते. सलाइन उतरत नाही म्हणून बाटलीत हवा जाण्यासाठी वरून सुई टोचून ठेवतात, आणि त्या वाटेने खोलीतली हवा, आणि तिच्यासोबत जंतूही, बाटलीत जाऊ शकतात. हवा न घेता आपोआप आकसणाऱ्या बंद पिशव्या वापरायला लागल्यावर रक्तसंसर्ग घटल्याचे अनेक देशांत नोंदले गेले आहे.