अलायन्स, कोअलिशन आणि कोलॅबोरेशन हे एकच नव्हेत

‘पक्ष एकत्र आले की इंग्रजीत अलायन्स लिहा, कोअलिशन लिहा नाहीतर कोलॅबोरेशन लिहा, अर्थ युती हाच’ असे सांगणारा एक मजकूर भाषांतर करणाऱ्यांमध्ये आणि स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांमध्ये हातोहात फिरतो आहे. त्यात दिलेली तिन्ही कारणे टिकत नाहीत, आणि तिसऱ्यामुळे तर लिहिणाऱ्याकडून नकळत एखाद्यावर गंभीर आरोप होऊ शकतो.

पहिले कारण असे, की शब्दकोशात हे शब्द एकमेकांचे अर्थ म्हणून येतात. येतात खरे, पण ते एकमेकांच्या जागी चालतात का, हे वापरावरून ठरते, आणि हा वापर ब्रिटनच्या राजकारणात स्वच्छ दिसतो. 1981 मध्ये तिथल्या लिबरल आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षांनी हातमिळवणी केली, मतदारसंघ वाटून घेतले आणि 1983 च्या निवडणुकीत सुमारे चतुर्थांश मते मिळवूनही त्यांच्या हाती जेमतेम 23 जागा लागल्या. ती अलायन्स होती. सत्ता कधीच न मिळाल्यामुळे तिचे कोअलिशन सरकार झाले नाही. याउलट 2010 मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट एकमेकांविरुद्ध लढले, कोणालाच बहुमत मिळाले नाही, आणि 12 मे रोजी कॉन्झर्व्हेटिव्ह नेते व नवे पंतप्रधान कॅमेरॉन आणि लिबरल डेमोक्रॅट नेते क्लेग पंतप्रधान निवासाच्या बागेत शेजारी शेजारी उभे राहून पत्रकारांना सामोरे गेले. क्लेग उपपंतप्रधान झाले, मंत्रिपदे वाटली गेली; हे कोअलिशन.

2017 चा प्रसंग या दोन्हींत बसत नाही. बहुमत गमावलेल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान थेरेसा मे यांना उत्तर आयर्लंडमधील डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पार्टी (डीयूपी) या पक्षाच्या 10 खासदारांचा आधार हवा होता. 26 जून रोजी दोन्ही पक्षांचे मुख्य प्रतोद टेबलाशी बसून सह्या करत होते आणि नेते मागे उभे होते. डीयूपीने एकही मंत्रिपद घेतले नाही. विश्वासमत आणि अर्थसंकल्प यांसारख्या ठरलेल्या बाबींवर मत देण्याचे तेवढे मान्य केले. अशा कराराला ‘कॉन्फिडन्स अँड सप्लाय’ म्हणतात, आणि इथला सप्लाय म्हणजे सरकारी खर्चाला सभागृहाने दिलेली मंजुरी. आपल्याकडच्या ‘बाहेरून पाठिंबा’ला हा प्रकार बराच जवळचा आहे. त्याला कोअलिशन म्हटले, तर जे मंत्री झालेच नाहीत त्यांच्यावर मंत्रिमंडळाच्या निर्णयांची जबाबदारी येऊन पडते.

मराठीत असा भेद नाही, हे दुसरे कारण. महाराष्ट्राचाच इतिहास पाहावा. 1995 मध्ये शिवसेना आणि भाजप एकत्र लढले आणि एकत्र सत्तेवर आले. अलायन्सही झाली, कोअलिशनही. 1999 मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादी परस्परांविरुद्ध लढून नंतर सरकारात एकत्र आले, म्हणजे निवडणुकीत अलायन्स नसताना कोअलिशन झाले. 2019 मध्ये युती म्हणून लढलेल्या दोन पक्षांचे मुख्यमंत्रिपदावरून फाटले, तेव्हा अलायन्स होती पण तिचे कोअलिशन झाले नाही. युती आणि आघाडी ही आपल्याकडे विशिष्ट गटांची नावे होऊन बसली आहेत, म्हणून भाषांतर करताना नावावर न जाता निवडणूक आणि सत्ता या दोन गोष्टी वेगळ्या तपासाव्या लागतात.

तिसरे कारण असे, की कोलॅबोरेशन हा सर्वांत सभ्य शब्द आहे. संशोधनात किंवा संगीतात तो निर्दोषच आहे. राजकारणात मात्र 24 ऑक्टोबर 1940 रोजी फ्रान्समधील माँत्वार येथील रेल्वे स्थानकावर, जर्मनीकडून हरलेल्या फ्रान्सच्या सरकारचे प्रमुख मार्शल पेताँ यांनी हिटलरशी हस्तांदोलन केले आणि त्याच महिन्याच्या 30 तारखेला नभोवाणीवरून आपण कोलॅबोरेशनच्या मार्गाने जात असल्याचे फ्रेंच जनतेला सांगितले. तेव्हापासून या शब्दाला शत्रूशी संगनमत केल्याचा डाग लागला, आणि इंग्रजीतही राजकीय संदर्भात एखाद्याला कोलॅबोरेटर म्हणणे म्हणजे फितूर म्हणणे होय. नगरपालिकेत दोन पक्षांनी पाणीप्रश्नावर सहकार्य केले, एवढेच सांगायचे असेल तर कोऑपरेशन हा साधा शब्द आहे. तिथे कोलॅबोरेटर लिहिले, तर त्या नगरसेवकांनी शहर कोणाला तरी विकले असा अर्थ निघेल.