पडलेल्या झाडांना वळसा नको

अमेरिकेतल्या होह नदीकाठच्या वर्षावनातल्या ट्रेकचा लेख आवडला. डिसेंबर २०२४ च्या वादळात तिकडे जाणारा रस्ताच नदीने तोडला होता, तो मे २०२५ मध्ये सुरू झाला. पण लेखात वाटेवर पडलेल्या झाडांना नुसता ‘अडथळा’ म्हटलंय, ते पटलं नाही. तिथल्या सिट्का स्प्रूस या उंच सूचिपर्णी झाडाची मुळं फार खोल जात नाहीत. माती भिजलेली असताना जोराचा वारा सुटला की अख्खं झाड मुळासकट उलथतं. पुढे त्याच ओंडक्यावरच्या शेवाळात हेमलॉक या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाची बोटभर रोपं ओळीने उगवतात! म्हणून सॅक उतरवून ओंडका जपून ओलांडा, बाजूने नवी वाट पाडू नका. पुण्याहून भीमाशंकर, ताम्हिणीला जाणाऱ्यांनाही कळकळीने हेच सांगेन. चिखल चुकवायला सगळे कडेने चालतात, वाट रुंदावत जाते आणि माती ओढ्यात वाहून जाते.