निपाणीच्या काकांना: आकडा, गोळी आणि तुमची शेवटची ओळ

काका, नमस्कार. कोलेस्टेरॉलवरच्या माझ्या लिखाणावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की, माझं खानापुरात मेडिकलचं दुकान आहे म्हणून मी कोलेस्टेरॉलच्या गोळीची वकिली करतो. तुमचे आजोबा रोज लोणी खाऊन नव्वदी ओलांडून गेले. गोळीनं तुमच्या पोटऱ्या दुखायला लागल्या, म्हणून दोन महिन्यांपूर्वी ती बंद केलीत, आणि बंद करण्याआधीचा एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात तो) तर 84, 'नॉर्मल' होता. शेवटी जाता जाता लिहिलंत की शुगर आहे आणि तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या नळीत स्टेंट बसलाय. मी तिथंच थांबलो.

आधी दुकानाचं सांगतो. मागच्या आठवड्यात नंदगडच्या एक ताई रिपोर्ट घेऊन आल्या. टोटल कोलेस्टेरॉल 232, ठळक अक्षरात. घाबरून थेट गोळीच मागत होत्या. मी कागद काउंटरवर पसरला. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, 68; ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, 110. बऱ्याच लॅब एलडीएल वेगळं मोजत नाहीत, हिशेबानं काढतात: टोटलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा वजा करायचा. उरले 142, तो त्यांचा एलडीएल. वय 44, शुगर नाही, बीपी नाही, तंबाखू नाही, घरात कुणाला कमी वयात अटॅक नाही. गोळी न देता त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी चालायला आणि खाणं सुधारायला सांगून सहा महिन्यांनी परत तपासायला सांगितलं.

तुमचे 84 त्यांच्या 142 पेक्षा कितीतरी कमी, तरी गोळी तुम्हाला हवी. लॅबच्या कागदावरची मर्यादा सरसकट सगळ्यांसाठी छापलेली असते. स्टेंट बसलेल्या माणसाचा एलडीएल 70 च्या खाली हवा, बरेच डॉक्टर आता 55 च्या खाली म्हणतात. शिवाय ते 84 गोळी चालू असतानाचे होते. आज किती असेल?

माझ्या वडिलांनी हेच केलं. अँजिओप्लास्टीनंतर वर्षभरानं रिपोर्ट चांगला आला, म्हणून घरात न सांगता गोळी सोडली. दुसरा अटॅक आल्यावर आम्हाला कॉटखालच्या ट्रंकेत पट्ट्या सापडल्या, एकीतल्या चारच गोळ्या काढलेल्या. वडील वाचले, पण त्यानंतर शेताच्या बांधापर्यंतही दमल्याशिवाय गेले नाहीत. मी हे सगळं लिहितो ते त्यामुळे. आपल्याकडे बेळगाव जिल्ह्यात रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टरांचं बोलणं बऱ्याचदा कन्नडात, आणि मनातली शंका मराठीत तशीच राहते.

1994 साली 4,444 हृदयरुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी नेहमीची गोळी, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. साधारण साडेपाच वर्षांत औषध नसलेल्या गटात 256 माणसं गेली, स्टॅटिनच्या गटात 182. खर्च औषध कंपनीचा होता, हे खरं. पण नंतरच्या अनेक अभ्यासांतूनही स्टॅटिनचा फायदाच दिसला.

आजोबांचं लोणी मी नाकारत नाही. पण कोलेस्टेरॉल बरंचसं आपलं यकृतच बनवतं, आणि ते किती, हे घराण्यावरही असतं. आजोबांचा हिशेब तुम्हाला लागू होईलच असं नाही.

पोटऱ्यांचं दुखणं मात्र मी मनावर घेतलंय. ते खोटं आहे असं कुणी म्हणू नये. स्टॅटिननं काहींचे स्नायू दुखतात. पण थायरॉइड कमी असलं तरी स्नायू दुखतात आणि कोलेस्टेरॉलही वाढतं, म्हणून टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि सीपीके (स्नायूंची तपासणी) करून घ्या. डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं, एझेटिमाइब नावाची स्टॅटिन नसलेली गोळी आहे. वाटा पुष्कळ आहेत, फक्त त्या डॉक्टरांनी निवडायच्या.

तेव्हा या आठवड्यातच जा, काका. आणि 'गोळी दोन महिने बंद आहे' हे तिथं पहिल्यांदा सांगा. पुष्कळजण ते लपवतात, मग वाढलेला आकडा बघून डॉक्टर गोळी लागू पडत नाही असं समजतात आणि डोस वाढवतात.