शेवाळाच्या कॅप्सूल आणि मावशीचा पाचवा केमो

गेल्या रविवारी मावशीकडे गेले, तर मसाल्याच्या डब्यामागे एक बाटली सापडली. आत काळपट हिरव्या कॅप्सूल. एक फोडून पाहिली, सुक्या मासळीचा वास आला. "समुद्री शेवाळ आहे गं, जपानी," म्हणत तिने मोबाइलवरचा फॉरवर्ड दाखवला. स्तनाच्या कॅन्सरसाठी तिचे चार केमो झालेत. नखं काळी पडलीत, तोंडाला चव नाही. आणि पाचवा घ्यायचाच नाही असं तिने मनात ठरवत आणलं होतं.

फॉरवर्ड म्हणतो: तपकिरी शेवाळातलं फ्युकोझँथिन हे रंगद्रव्य कॅन्सरच्या ९५ टक्के पेशी मारतं. जपानी लोक ते खातात, म्हणून त्यांना कॅन्सर होत नाही. नैसर्गिक असल्याने अपाय शून्य. औषध कंपन्या हे दडवतात. तेव्हा केमो थांबवा.

जपानचं आधी संपवते. तिथे १९८१ पासून मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण कॅन्सर हेच आहे. वाकामे, कोम्बू ही तपकिरी शेवाळं रोज खाणाऱ्या देशात!

९५ टक्क्यांमागे मात्र काहीतरी आहे, ते नाकारत नाही. २००१ साली जपानी संशोधकांनी प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी ७२ तास फ्युकोझँथिनमध्ये ठेवल्या. तीनपैकी दोन प्रकारांत जेमतेम ५ टक्के जगल्या. पण त्या पेशी काचेच्या बशीत होत्या, आणि द्रव्याचं प्रमाण होतं लिटरला २० मायक्रोमोल. पुढे २०१२ मध्ये जपानमध्येच माणसांना ३१ मिलिग्रॅम फ्युकोझँथिन असलेला कोम्बूचा अर्क देऊन रक्त तपासलं गेलं. पोटात गेल्यावर त्याचं जे रूप रक्तात उतरतं, ते लिटरला जास्तीत जास्त ४४ नॅनोमोल भरलं (हजार नॅनोमोल म्हणजे एक मायक्रोमोल). म्हणजे बशीतल्यापेक्षा साडेचारशे पट कमी. मावशीच्या बाटलीवर तर फ्युकोझँथिन किती, हा आकडाच छापलेला नाही. बशीतल्या पेशी मरणं आणि माणूस बरा होणं यांच्यामध्ये वर्षानुवर्षांच्या चाचण्या असतात, आणि हे रंगद्रव्य अजून तिथवर पोचलेलं नाही.

"नैसर्गिक, म्हणून अपाय नाही" या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. फ्युकोझँथिन ज्या कॅरोटिनॉइड कुळातलं, त्याच कुळातलं गाजरातलं बीटा-कॅरोटीन. तेही कॅन्सर टाळेल अशी आशा होती. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. ज्यांना बीटा-कॅरोटीनची गोळी रोज दिली, त्यांच्यात फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. निकाल १९९४ मध्ये छापून आला. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण तिथेही उलटंच होत होतं. गाजर खाऊन कुणाचं वाईट झालं नाही, पण गोळी म्हणजे गाजर नव्हे. फ्युकोझँथिनही असंच करेल असं मी म्हणत नाही. पण "नैसर्गिक रंग आहे, काय होणार" म्हणणाऱ्याने आधी हे वाचावं.

शिवाय आयोडीन. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं. वाळलेल्या कोम्बूच्या एका ग्रॅममध्ये हजार-दोन हजार असू शकतं. जास्त आयोडीनने थायरॉइड बिघडू शकतं, आणि मावशी वीस वर्षं थायरॉइडची गोळी घेते. फॉरवर्ड करणाऱ्याने तिला हे विचारलं होतं का?

कंपन्या दडवतात? एरिब्युलिन हे औषध स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरवर २०१० पासून वापरात आहे. त्याचा मूळ रेणू जपानच्या समुद्रातल्या स्पंजात सापडला आणि औषध बाजारात आणलं जपानी कंपनीनेच. मावशीच्या अंगणातल्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन मिळतं, तेसुद्धा केमोचंच औषध. समुद्रातलं, झाडातलं जे खरंच उपयोगी ठरतं, ते मोजून-मापून सलाइनमधून दिलं जातं.

राहिलं "केमो थांबवा". २०१८ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका अडीचपट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाच पटींहून जास्त. हा आकडा मी मावशीला दोनदा वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मळमळ थांबायचं काहीतरी विचार गं डॉक्टरांना."

गुरुवारी पाचवा केमो आहे. मळमळीचं विचारायचं लिहून घेतलंय. बाटली माझ्या पिशवीत आहे, तीही डॉक्टरांना दाखवणार आहे.