स्पोर्ट्स कारला पॉवर नंतर विचारा, आधी वजन विचारा

स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पॉवर किती?" मी आधी वजन विचारतो. परवडणारी स्पोर्ट्स कार कशाला म्हणायचं, याचं उत्तर मला तिथेच सापडतं.

जपानच्या माझदा कंपनीची १९८९ सालची पहिली मियाटा ही स्पोर्ट्स कार घ्या. १.६ लिटरचं इंजिन, तेही कंपनीच्या साध्या फॅमिली कारच्या घराण्यातलं. पॉवर ११५ हॉर्सपॉवरच्या आसपास. पण वजन टनाच्या आत, ताकद मागच्या चाकांना आणि सीट दोनच. कापडी छत सीटवर बसल्या बसल्या खटके सोडून हाताने मागे ढकलायचं. मोटर नाही, म्हणजे तेवढं वजन नाही आणि बिघडायलाही काही नाही. गिअरचा दांडा इतका आखूड की नुसतं मनगट हललं तरी गिअर पडतो. इंजिन घरचं वापरून पैसे वाचवले, पण सस्पेन्शन मात्र चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे वळणावर पकड टिकवणारी महागडी रचना! कुठे हात आखडायचा आणि कुठे नाही, हे त्या इंजिनिअरांना पक्कं कळलं होतं. अमेरिकेत किंमत १४ हजार डॉलरच्या आत. एमजी, ट्रायम्फ या ब्रिटिश कंपन्यांच्या छोट्या स्पोर्ट्स कार तोवर बंद पडल्या होत्या, पण लोकांची हौस शिल्लक होती. २०१६ पर्यंत दहा लाख मियाटा बनल्या.

ताम्हिणी घाटात पाचशे हॉर्सपॉवरचं करायचं काय? हलकी गाडी पन्नासच्या वेगातही वळणावर स्टिअरिंगमधून हाताशी बोलते. ती मजा सामान्य पगारदाराला मिळावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

"दोन सीटची गाडी आपल्याकडे घेणार कोण?" हा प्रश्न रास्त आहे. घरात एकच गाडी असेल तर चाकणला बनणारी फोक्सवॅगनची पोलो जीटीच बरी होती. पण नाशिकला बनणारी तीन दारांची थार बघा. मागे बसायला अवघड, डिकी नावालाच, तरी लोकांनी बुकिंग करून महिनोन्‌महिने वाट पाहिली. मनात भरलेल्या गाडीसाठी आपला माणूस गैरसोय आनंदाने सोसतो.

आणि आपल्याच टाटांनी २०१७ मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये टॅमो रेसमो ही दोन सीटची स्पोर्ट्स कार दाखवली होती. इंजिन मधोमध, १.२ लिटर टर्बो, १९० पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच). ती उत्पादनात आलीच नाही, याची हळहळ मला अजून वाटते. लांबी चार मीटरच्या आत, इंजिन १२०० सीसीच्या आत, म्हणजे आजच्या जीएसटीत ती ४० नव्हे, १८ टक्क्यांत बसली असती. छोट्या स्पोर्ट्स कारला इतकी सोयीची करसवलत फार थोड्या देशांत असेल.

१.२ टर्बो पेट्रोल इंजिन टाटांकडे नेक्सॉनमध्ये आजही आहे. १९० पीएसचा हट्ट नको, १२० पुरे. मॅन्युअल गिअर, मागच्या चाकांना ताकद, वजन टनाच्या आत आणि किंमत पंधरा लाखांच्या आत, एवढं जमवा. टाटांनी हे पुन्हा मनावर घ्यावं.