मुलाला कॉलेज निवडताना कटऑफ शेवटी बघा

सीईटीचा निकाल लागला की ओळखीतल्या आईबाबांचे फोन सुरू होतात. पर्सेंटाइल सांगतात, ब्रँच विचारतात आणि ठेवता ठेवता आवाज खाली आणून म्हणतात, "मॅडम, पोरगा हुशार आहे हो, पण कुणात मिसळत नाही." माझ्या मते बोलायला सुरुवात या वाक्यापासूनच करायला हवी.

"हॉस्टेलला टाकला की आपोआप सुधारेल" हे मला अजिबात पटत नाही. तीन अनोळखी मुलांच्या खोलीत टाकल्यावर बुजरं मूल मोकळं होत नाही, ते कानात हेडफोन घालून भिंतीकडे तोंड करून झोपतं. अशी मुलं बोलती होतात ती मधे काहीतरी आवडीची गोष्ट असली की. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात ऑलिंपियाड या विज्ञान स्पर्धांची शिबिरं होतात. वर्गात तोंड न उघडणारं मूल तिथे एका गणितावरून रात्री उशिरापर्यंत वाद घालू शकतं, कारण समोरच्यालाही त्याच गणिताने झोप येत नसते. म्हणून कॉलेजात रोबोटिक्सचा, आकाशनिरीक्षणाचा, बुद्धिबळाचा गट आहे का, पहिल्या वर्षाच्या मुलांना त्यात घेतात का, प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी असते का, हे प्लेसमेंटच्या आकड्यांइतकंच खोदून विचारा.

कॉलेज बघायला कामाच्या दिवशी जा, मुलाला घेऊन जा. प्रवेशाच्या खिडकीवरून परत फिरू नका. कँटीनमध्ये बसा, दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. आणि हॉस्टेलच्या रेक्टरना एक प्रश्न नक्की विचारा: माझा मुलगा दोन दिवस मेसला आला नाही, तर ते कुणाच्या लक्षात येईल? मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जिथे सीनियर मुलांकडे चार-सहा ज्युनियर सोपवलेले असतात, तिथे लगेच उत्तर मिळतं. "इथे सगळे मोठे झालेत" असं ऐकू आलं तर मी ते कॉलेज यादीत खाली सरकवेन, मग नाव कितीही मोठं असो.

समुपदेशकाचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं आहे. "आहेत आमच्याकडे" एवढ्यावर थांबू नका. कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत बसतात आणि विभागप्रमुखांना न सांगता तिथे जाता येतं का, ते विचारा.

लाजरेपणा म्हणजे आजार नव्हे. पण ऑटिझम किंवा अध्ययन अक्षमतेचं निदान झालेलं असेल तर ते दडवू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्हींचा समावेश आहे आणि परीक्षेच्या सवलती मागणं हा मुलाचा हक्क आहे. मात्र कुणाला काय सांगायचं ते त्याला ठरवू द्या. त्याच्यासमोर रेक्टरना "हा जरा वेगळा आहे" म्हणू नका, प्लीज.

विज्ञानाचं खरं वेड असेल तर इंजिनिअरिंगच्या पलीकडेही बघा. विज्ञानाचं शिक्षण आणि संशोधन करणारी पुण्यात पाषाणची आयसर आहे, संख्याशास्त्रासाठी कोलकात्याची आयएसआय आहे, गणितासाठी चेन्नईचं सीएमआय आहे. प्रश्न मात्र तिथेही हेच विचारा. आणि पहिलं वर्ष घरून जाऊन-येऊन करायचं असेल तर त्यात काही कमीपणा नाही. दोन-चार पर्सेंटाइलनी खालचं पण जवळचं, माणसं असलेलं कॉलेज मी आनंदाने वर ठेवेन.

ही चर्चा कॉलेजांचा पसंतीक्रम लिहायचा ऑप्शन फॉर्म भरण्याआधीच घरात व्हायला हवी. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की जागा आपोआप फ्रीज होते, पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद. त्यामुळे पहिल्या ओळीत काय लिहायचं ते मुलाने स्वतः जागा बघून, आपल्या तोंडाने सांगितलेलं असावं. त्याला उत्तर द्यायला दोन दिवस लागले तर दोन दिवस थांबा.